नुसतं बोलून कर्ज फिटतं का?

आज तुरीतल्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल लिहायचं होतं, ते उद्या. काल पारावर एकानं विचारलं, "समुपदेशक म्हंजे नेमकं करतो काय? नुसतं बोलून कर्ज फिटतं का?"

नाही फिटत. आधीच कबूल करतो.

गेल्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस लागला, सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. त्यानंतर रात्री अडीचला जाग यायची, ती थेट उजाडेपर्यंत. घरच्यांना वाटलं, आळस आलाय. गावानं सल्ले दिले. देवाला जा, मन घट्ट कर, जमीन बटाईनं दे. शेवटी मोठ्या बहिणीनं सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडं नेलं. एसटीत बसल्यावर मनात एकच, लोक म्हणतील याला वेड लागलं.

पाऊण तासात मॅडमनी उपदेश असा केलाच नाही. विचारत होत्या. झोप किती, जेवण जातं का, कुणाशी बोलता. मग सरळच, "मरून जावं असं वाटतं का? फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?" मी हबकलो. पण इतक्या दिवसांत हे विचारणारं पहिलंच माणूस. अशा विचारण्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही आपली समजूत चुकीची आहे. मी तर तिथंच रडलो. जिवाला धोका वाटला तरच घरच्यांना सांगीन, बाकी बोलणं इथंच राहील, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्या दिवसापासून औषधाच्या खोलीची किल्ली बहिणीकडं.

पुढच्या खेपेला वही करायला लावली. काय घडलं, मनात काय आलं, मग मी काय केलं. घडलं काय, तर कृषी केंद्रवाल्याचा उधारीसाठी फोन. मनात आलं, इज्जत गेली. मग फोन बंद करून दिवसभर अंथरुणात. फोन बंद म्हणून तो घरी आला, अन् इज्जतीचं तेच खरं झालं! वहीत बघितल्यावर हसू आलं. मग त्याच्याशी बसून हप्ते पाडून घेतले. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच वाटेनं जाते. मराठीत कि. मो. फडके यांनी ती समजावून सांगितली. गोळ्या समुपदेशक देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. झोपेसाठी मला तिकडंही पाठवलं होतं.

माझी तक्रार एवढीच, की यासाठी दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. तालुक्याला असं माणूस का नसावं?

कृषी सहायक मित्रांनो, पीक न बघता तुम्ही फवारणी सांगत नाही. मग बांधावर गप्प बसलेल्याला लगेच "धीर धर" का म्हणता? आधी विचारा, ऐकून घ्या. अन् टेलिमानसचा १४४१६ नंबर द्या. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

मी तो औषधाच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहून ठेवलाय. अळीचं उद्या, फोटोसकट.