मावशी कोणाची?

पंच्याऐंशी पार केलेल्या मतदाराने घरून मतदानासाठी १२-ड अर्ज भरला की निवडणूक यंत्रणा त्याच्या दारात येते. मतदान कर्मचारी, पोलीस, चित्रीकरण करणारा आणि मत गुप्त राहावे म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा, असा सगळा सरंजाम. मग ते घर बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या इमारतीत असो की इंदापूर तालुक्यात उसाच्या फडांमागे दडलेल्या वस्तीवर. खाटेवरच्या माणसाच्या मताची एवढी काळजी घेतली जाते याचे कौतुकच. पण त्याच खाटेवर त्याची पाठ सोलून निघाली आहे का, लघवीची पिशवी शेवटची कधी रिकामी केली, उशाशी बसलेली पगारी मावशी माणसे पुरवणाऱ्या कोणत्या ब्युरोने धाडली आणि तिला रुग्णाची कूस बदलायला कोणी शिकवले, हे विचारायला मात्र कोणतेही पथक येत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान उरकले आणि तो आडोसा घडी होऊन तहसील कचेरीत परत गेला.

त्या निवडणुकीच्या तोंडावर वृद्धांवर मायेचा जो पूर आला त्याचा हिशेब एकदा मांडायला हवा. धनत्रयोदशीला, म्हणजे २९ ऑक्टोबर २०२४ ला, सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता ‘आयुष्मान भारत’चे पाच लाखांचे कवच मिळाले. त्याआधी राज्याने ‘मुख्यमंत्री वयोश्री’तून पासष्टीपुढच्या गरजूंच्या खात्यात तीन हजार रुपये टाकायचे ठरवले, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची यांसाठी. केंद्राच्या वयोश्रीची शिबिरे तर बारामती मतदारसंघात केवढी गाजली! यात वाईट काहीच नाही. पण पाच लाखांचे कवच दवाखान्यात दाखल झाले तरच कामाचे. डिस्चार्जचा कागद हातात पडला की पंधरा दिवसांच्या औषधपाण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. लकवा मारलेल्या, खुब्याचे हाड मोडलेल्या, स्वतःचेच घर न ओळखणाऱ्या माणसाचे खरे हाल त्यानंतर सुरू होतात. ‘आता घरी न्या, सेवा करा,’ एवढे सांगून डॉक्टर मोकळे. सेवा करायची कोणी? कालव्याच्या पाण्याने आणि साखर कारखान्यांनी या दोन तालुक्यांत पैसा आणला, त्या पैशाने मुले शिकली आणि शिकून हिंजवडीला, बंगळूरला, कोणी थेट न्यू जर्सीला गेली. मागे उरला वाडा, वॉकर आणि वृद्ध.

तिथे ब्युरोचे कार्ड कामाला येते. औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर ते पडलेले असते: पेशंट सांभाळायला मावशी, मामा मिळतील, बारा तास, चोवीस तास. फोन लावला की दुसऱ्या दिवशी बाई पिशवी घेऊन हजर. ब्युरो डिपॉझिट घेतो, कमिशन घेतो आणि काही बिनसले की ठरलेले उत्तर देतो: आम्ही फक्त ओळख करून दिली, बाई तुमची. बाई म्हणते, मला ब्युरोने पाठवले. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडतो. पावतीवर रक्कम असते, कामाचा एक शब्द नसतो. ग्राहक आयोगात जायचे तर कोणत्या कागदाच्या बळावर? आमचे सारे म्हणणे या एका प्रश्नाभोवती आहे. माणूस पाठवण्याचे पैसे जो घेतो, त्या माणसाच्या कामाची जबाबदारी त्याची आहे की नाही? फाटकावर रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. रखवालदाराची पूर्वचौकशी आणि प्रशिक्षण सक्तीचे असते. फाटकाच्या आत, नाकात नळी असलेल्या आजीला भरवणारी बाई पुरवायला दुकानाचा गुमास्ता परवाना पुरतो, आणि कामगार थोडे दाखवले तर नुसती सूचना दिली तरी भागते. कुलपाची किंमत माणसापेक्षा जास्त ठरवणाऱ्या या कायद्याची लाज कोणालाच वाटत नाही.

आता ब्युरो चांगला की वाईट हे ओळखायचे कसे? कार्डावरच्या ‘अनुभवी व प्रशिक्षित स्टाफ’ या शब्दांवरून तर नक्कीच नाही. साधा हिशेब करावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. शिवाय नळीने भरवताना डोके उंच ठेवायचे, भरवल्यावरही काही वेळ तसेच बसवायचे, लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगायची, इन्सुलिनची वेळ पाळायची. हे सगळे एकच बाई ‘चोवीस तास ड्युटी’त करणार, रात्री दर दोन तासांनी उठणार, सकाळी घरच्यांचा स्वयंपाकही तिनेच करायचा आणि महिनोन्‌महिने तिला सुट्टी नाही! अशी सेवा देतो म्हणणारा ब्युरो पहिल्याच वाक्यात खोटे बोलतो. ती बाई झोपणारच, आणि तिने झोपावेच. मग सकाळी नोंदवही उघडावी. रात्री दहा, बारा, दोन, चार, सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात, एका दमात लिहिलेल्या, खाली सही. आणि आजोबांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग, जो आठवड्याभरात जखम होतो. सेवेचा दर्जा त्या डागावर कळतो. जो ब्युरो बदली बाई लेखी कबूल करतो, महिन्यातून दोनदा आपला जाणता माणूस पाठवून तो डाग शोधतो, बाईला आठवड्याची सुट्टी देतो, तो चांगला. असे ब्युरो नाहीत असे नाही. पण त्यांच्यात आणि कार्डवाल्यांत फरक दाखवणारी कोणतीही सरकारी खूण नाही, त्यामुळे स्वस्त कार्डच जिंकते.

दिल्लीला हे कळत नव्हते असेही नाही. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता. स्थायी समितीने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. पुढची तीन वर्षे विधेयक पडून राहिले आणि जून २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही बाद झाले. त्यावर इथल्या कोणत्याही प्रचारसभेत चकार शब्द नव्हता. २००७ चा कायदा मुलाला प्रांताधिकाऱ्यांपुढे उभे करतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी द्यायला लावतो, आईबापांना टाकून दिले तर तुरुंगाची भीती घालतो. मुलगा पैसे देतो आहे आणि तरीही आई ओल्या चादरीवर पडली आहे, ही शक्यता त्या कायद्याच्या गावीच नाही.

नोंदणी आली की इन्स्पेक्टर येणार, दर वाढणार, गरीब बायकांचा रोजगार जाणार, असा आक्षेप घेतला जाईल. बायकांचा कळवळा असणाऱ्यांनी आधी चोवीस तासांची ड्युटी बंद करावी. नोंदणी बाईची पदवी तपासायला नकोच आहे, ती कमिशन खाणाऱ्याचे नाव-गाव कागदावर आणायला हवी आहे. दर वाढतील हे मात्र खरे, आणि तिथे सरकारला खिशात हात घालावा लागेल. उरला घरच्यांनी लक्ष द्यावे हा उपदेश. घरच्यांना लक्ष देता आले असते तर ब्युरोला फोन कशाला लावला असता?

इंग्लंडमध्ये घरी सेवा देणाऱ्या प्रत्येक एजन्सीची तपासणी होते आणि तिची श्रेणी जाहीर होते. ते लांबचे वाटत असेल तर केरळ पाहावे. कोझिकोडमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या कामातून २००८ चे राज्याचे धोरण आले आणि पंचायतीची नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागली. आपल्याकडे बारामतीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. कायदा येईल तेव्हा येवो. ब्युरोंची यादी दोन्ही पंचायत समित्यांनी आणि नगरपरिषदांनी तरी आजच करावी: कोण माणसे पाठवतो, किती, कोणाच्या नावावर. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा न सांगता घरी जावे, नोंदवही बघावी आणि मावशीच्या मदतीने आजोबांना कुशीवर करून पाठ बघावी. खिळलेली माणसे कुठे आहेत हे शोधायला वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही. १२-ड अर्जांवरचे पत्ते दुसऱ्या कामाला वापरता येत नसतील तर आशाताईंना विचारावे. कोणत्या वस्तीवर, कोणत्या खोलीत कोण पडून आहे आणि गेल्या महिन्यात त्या घरातली मावशी कितव्यांदा बदलली, हे त्यांना तोंडपाठ असते.