शब्दांचे गोत

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागतो, परवचा म्हणून होते आणि मग आमच्या आळीतील एखाद्या घरातून इंग्रजी शब्द घोकण्याचा आवाज येऊ लागतो. ‘इंपोर्ट म्हणजे आयात, एक्स्पोर्ट म्हणजे निर्यात, ट्रान्स्पोर्ट म्हणजे वाहतूक, रिपोर्ट म्हणजे अहवाल, सपोर्ट म्हणजे आधार!’ एकेक शब्द वीस-वीस वेळा म्हटला जातो. दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहताच आयातीच्या जागी निर्यात आणि अहवालाच्या जागी आधार येऊन बसतो. मूल खाली मान घालते, आणि ‘आपल्याला इंग्रजी यावयाचे नाही,’ अशी त्याची हळूहळू खात्री होऊ लागते. यात त्या मुलाचा दोष नाही. घोकंपट्टीची ही वाट आम्ही शिक्षकांनीच त्याला दाखविलेली असते, आणि ती वाट चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांनो, वरच्या पाच शब्दांकडे जरा निरखून पाहा. पाचांमध्येही पी, ओ, आर, टी ही चार अक्षरे त्याच क्रमाने आली आहेत. बाजारात पाच माणसांची नाके सारखी दिसली तर तुम्ही काय म्हणाल? ‘ही भावंडे असावीत,’ असेच ना? मग शब्दांच्या बाबतीत हा विचार का करू नये? लॅटिन ही युरोपातील एक प्राचीन भाषा. तिच्यात ‘पोर्टारे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ वाहून नेणे. ‘इम्’ म्हणजे आत, म्हणून इंपोर्ट म्हणजे माल आत आणणे. ‘एक्स्’ म्हणजे बाहेर. आपला हापूस आंबा पेट्यांत भरून परदेशी जातो तो एक्स्पोर्ट. ‘ट्रान्स्’ म्हणजे पलीकडे. ‘री’ म्हणजे परत. कोणी एके ठिकाणी जाऊन तेथील वार्ता परत घेऊन येतो, तो रिपोर्ट. ‘सब्’ म्हणजे खालून. घराचे वासे खालचा खांब पेलून धरतो, तसा सपोर्ट. स्थानकावर ओझी वाहणारा पोर्टर आणि हातात घेऊन जाता येण्याजोगी पोर्टेबल वस्तू ही याच घरातील मंडळी होत. एक मूळ कळले की सात शब्द आपोआप ओळखीचे होतात, आणि एकदा झालेली ओळख सहसा विसरत नाही.

ही युक्ती तुम्हांस नवी नाही. मराठीच्या तासाला उपसर्ग शिकताना तुम्ही आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द शिकला आहात. संस्कृतातील ‘हृ’ हा एकच धातू. पुढे ‘आ’ आला तर तोंडात घास पडतो, ‘प्र’ आला तर पाठीत रट्टा बसतो! ‘आयात’ आणि ‘निर्यात’ यांतही ‘या’ हा एकच धातू आहे. ‘निर्’ म्हणजे बाहेर, हे लक्षात ठेवले की दोहोंची अदलाबदल होत नाही. मराठीच्या तासाला आपण जे सहज करतो, तेच घंटा वाजून इंग्रजीचा तास सुरू होताच का विसरावे, हे मला आजवर उलगडलेले नाही. तास निराळे असले, तरी भाषा काही अगदीच परक्या नाहीत. लॅटिन ‘सब्’ आणि संस्कृत ‘उप’, लॅटिन ‘प्रो’ आणि संस्कृत ‘प्र’ ही एकाच कुळातील आहेत. कलकत्त्यास न्यायाधीश असलेले सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली तेथील एशियाटिक सोसायटीपुढे व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य इतके मोठे आहे की त्या एकाच मुळापासून निघाल्या असाव्यात, असे त्यांनी त्यात प्रतिपादले होते.

आता आपल्या बंदरावर येऊ. लॅटिनमध्ये ‘पोर्टुस’ म्हणजे बंदर. इंग्रजीतील पोर्ट तो हाच. परदेशी जाताना लागणारा पासपोर्ट म्हणजे मुळात बंदरातून जाण्याचा परवाना. पोर्तुगाल या देशाच्या नावातही हाच शब्द आहे. दूरू नदीच्या मुखापाशी ‘पोर्टुस काले’ नावाचे ठिकाण होते, त्यावरून सगळ्या देशाला ते नाव मिळाले. त्या देशाचा वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि पुढे त्याच्या देशबांधवांनी आपल्या किनाऱ्यावर चावी, पगार, बटाटा हे शब्द आणून टाकले. हापूस हे नावही त्यांच्या ‘अफोन्सो’वरूनच आलेले आहे.

परंतु या घरातील सर्वांत सुंदर शब्द मला वाटतो तो ‘ऑपॉर्च्युनिटी’. आपण त्याचा अर्थ ‘संधी’ असा पाठ करतो. मुळात लॅटिनमध्ये बंदराच्या दिशेने वाहणाऱ्या, गलबताला सुखरूप घरी आणणाऱ्या वाऱ्याला उद्देशून तो शब्द वापरीत. मिरकरवाड्याच्या मुलाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शिडाच्या होड्या होत्या त्या काळी या वाऱ्याची किती वाट पाहावी लागे, हे त्याच्या पणजोबांना पुरते ठाऊक होते. आणि आपला ‘संधी’ हा शब्द पाहा. संधी म्हणजे सांधा, दोन गोष्टी जुळण्याची जागा. व्याकरणात तुम्ही सोडविता तोही संधीच. रोमच्या दर्यावर्दी माणसाला जेथे अनुकूल वारा दिसला, तेथे आपल्या पूर्वजांना सांधा दिसला. अर्थ एक, चित्रे दोन. वीस वेळा घोकणाऱ्याला यांपैकी एकही चित्र दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

येथवर सर्व ठीक झाले. मात्र सारख्या अक्षरांवर डोळे मिटून विश्वास ठेवण्यात धोकाही आहे. हिंदीतील ‘बंदर’ आणि मराठीतील ‘बंदर’ यांचे एकही अक्षर निराळे नाही. परंतु हिंदीतील बंदर हा संस्कृत ‘वानर’ शब्दापासून आलेला, तर आपले बंदर फारसी भाषेतून आलेले. उत्तरेकडील पाहुण्याला ‘आमच्या गावी मोठे बंदर आहे,’ असे सांगितले तर तो शेपूट शोधू लागेल! ‘वर’ चढणे आणि लग्नातील ‘वर’ यांचेही नाते नाही. पहिला ‘उपरि’पासून आला आणि दुसरा ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूपासून. इंग्रजीतही असेच आहे. ‘पोर्शन’ म्हणजे भाग आणि ‘पोर्ट्रेट’ म्हणजे माणसाचे चित्र. दोहोंतही ती चार अक्षरे दिसतात, पण वाहून नेण्याशी किंवा बंदराशी त्यांचा काही संबंध नाही. नाक सारखे असले म्हणून प्रत्येक जण भाऊ ठरत नाही.

याच धोक्याच्या बाबतीत माझ्याकडून एकदा एक चूक झाली. २००३ साली वाशिष्ठीच्या खाडीत दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. एरवी चिपळूणवरून मोठा वळसा घालून जावे लागे. आता मोटारी, दुचाकी आणि माणसे थोड्याच वेळात खाडीपार जाऊ लागली. साहजिकच मुलांच्या तोंडी तोच विषय असे. त्या दिवसांत इंग्रजीचे शिक्षक रजेवर असल्यामुळे त्यांचा तास मी घेत होतो. मी सहज विचारले, “फेरीबोटीला फेरीबोट का म्हणतात रे?” मागच्या बाकावरील एका मुलाने चटकन हात वर केला. “सर, ती फेऱ्या मारते म्हणून!” वर्ग हसला, आणि वर्गाबरोबर मीही हसलो. “अरे, तो इंग्रजी शब्द आहे,” एवढेच म्हणून मी पुढे गेलो. तो मुलगा खाली बसला. त्यानंतर चार-पाच दिवस माझ्या मराठीच्या तासालाही त्याचा हात वर झाला नाही.

ती गोष्ट मला सलत राहिली. इंग्रजी आहे हे खरे. पण मग त्या ‘फेरी’चे मूळ काय, हे तरी मला कोठे ठाऊक होते? मी शब्दकोश उघडला. ‘फेरी’ हा जुन्या इंग्रजीतील वाहून नेणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला शब्द निघाला. प्रवासाचे भाडे या अर्थी ‘फेअर’ आणि नदीचा पायी ओलांडण्याजोगा उतार या अर्थी ‘फोर्ड’ ही त्याची भावंडे. याहून मोठे आश्चर्य पुढेच होते. लॅटिन आणि संस्कृत शब्दांत जेथे ‘प’ असतो तेथे इंग्रजीच्या जुन्या शब्दांत पुष्कळदा ‘फ’ आढळतो. संस्कृत पितृ, लॅटिन पातेर, इंग्रजी फादर. संस्कृत पाद, इंग्रजी फूट. डेन्मार्कच्या रास्क यांनी हे हेरले होते, आणि १८२२ साली जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी त्याचा नियम मांडला. होय, हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट ज्या दोघा भावांनी जगाला दिली त्यांच्यातील थोरला तोच हा. या नियमाने पाहिले असता ‘फेरी’ आणि ‘पोर्ट’ ही दूरची भावंडे ठरतात. दोहोंत एकही स्वर जुळत नसला तरी! आणि त्यांच्याच कुळातील आपल्या घरचा शब्द कोणता? खाडी ‘पार’ करणे यातील ‘पार’. म्हणजे बंदरावरून फेरीने पार जाणारा माणूस एका प्रवासात एकाच गोत्रातील तीन शब्दांना भेटतो. सारखी अक्षरे असलेला ‘पोर्शन’ परका, आणि वेगळ्या रूपाचा ‘पार’ मात्र सगा!

माझे एक सहकारी हे सर्व ऐकून म्हणाले, “परीक्षेत मुलांना अर्थ लिहावयाचा असतो, व्युत्पत्ती नव्हे. एवढ्या वेळात पन्नास शब्द पाठ होतील.” त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही. काही शब्द पाठच करावे लागतात. ‘डॉग’ या साध्या शब्दाचे कुळ विद्वानांनाही निश्चित सापडलेले नाही. तेथे कुत्रा डोळ्यांसमोर आणून शब्द लक्षात ठेवणे हाच उपाय. परंतु जेथे नाते आहे तेथेही ते न दाखविता मुलाकडून केवळ घोकून घेणे म्हणजे बंद पेटीचे ओझे त्याच्या डोक्यावर देणे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवणे होय. पन्नास शब्द आज पाठ होतील, पण एक्कावन्नावा शब्द अनोळखी आला तर तो मुलगा काय करील? मूळ जाणणारा निदान तर्क तरी करील. तर्क चुकेल, चुकला तर शब्दकोश आहेच.

आणि मुळे जाणणाऱ्यालाच नवे शब्द घडविता येतात. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते. येथे त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली. वहीच्या पानावर तुम्ही लिहिता तो ‘दिनांक’ आणि शहराचा प्रथम नागरिक तो ‘महापौर’, हे शब्द त्यांनी दिलेले. दिन आणि अंक जोडून दिनांक. पुर म्हणजे नगर, त्यात राहणारा तो पौर, त्यांच्यात मोठा तो महापौर. मी स्वतः बोलताना ‘तारीख’च म्हणतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. परंतु ‘महापौर’ हा शब्द प्रथम ऐकणाऱ्यालाही तो कळतो, कारण त्याची भावंडे मराठीत आधीपासून नांदत आहेत.

त्या मुलाचे सांगावयाचे राहिले. पुढच्या आठवड्यात मी मराठीच्या तासाला वर्गापुढे उभा राहिलो आणि मी हसलो ते चुकले, असे सांगितले. सारखी अक्षरे पाहून त्याने नाते शोधले होते. विचार करणारा माणूस असेच करतो. नाते चुकले एवढेच. मग फळ्यावर पोर्ट, फेरी आणि पार हे तीन शब्द लिहून मी सर्व हकिगत सांगितली. वर्ग शांतपणे ऐकत होता. मागच्या बाकावर थोडी चुळबुळ झाली, आणि बऱ्याच दिवसांनी तो हात वर आला.

“मग सर, फेरीवाल्यातली फेरी कोणती? इंग्रजांची की आपली?”

“आपली,” मी म्हणालो. “फिरणे, फेर, फेरी.” यासाठी मला शब्दकोश उघडावा लागला नाही.