मोठा जिताडा राखला तरच तळी भरतील

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, वीज आणि विमा यांत मासे पाळणाऱ्याला शेतकऱ्याच्या बरोबरीने वागणूक मिळावी, हा त्यामागचा हेतू. रायगडच्या खारपट्ट्याला मात्र ही गोष्ट नवी नाही. अलिबाग-पेणकडच्या शेतकऱ्याने भाताचे खाचर आणि जिताड्याचे तळे कधी वेगळे मानलेच नाही. पाव्हणा आला, कार्य निघाले की तळ्यातून जिताडा निघायचा. कचेरीतले काम अडले की साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचा, अशीही एक रीत होती. ती मोडलेली बरी. पण आज खाडीकाठच्या गावांत फिरताना एकच तक्रार कानावर येते : पाच-सात किलोचा जिताडा आता पूर्वीसारखा लागत नाही.

हा मासा धरणारे त्याचा स्वभाव जाणून असतात. जिताडा भक्ष्यामागे फार धावत नाही, आडोशाला दबा धरून बसतो. खडकाची कपार, तिवरांची मुळे, जुन्या बंधाऱ्याचा दगड, पुलाचा खांब ही त्याची ठिकाणे. ओहोटीला उघाडीतून पाणी बाहेर पडते, त्याबरोबर बोईट, कोळंबी वाहत येते. नेमक्या त्याच तोंडाशी मोठा जिताडा थांबतो. म्हणून जाणता माणूस उधाणाची भरती उतरू लागली की गळाला जिवंत कोळंबी किंवा लहान बोईट लावून तिथे बसतो. पावसाच्या सुरुवातीला तर हमखास.

घोटाळा इथेच आहे. पावसाच्या सुरुवातीला मोठा जिताडा खाडीच्या तोंडाकडे येतो तो अंडी घालायला. आणि या माशाची गंमत अशी की तो आधी नर असतो, मग मादी होतो. साधारण दीड-अडीच किलोपर्यंतचे बहुतेक मासे नर. चार किलोच्या पुढे गेलेले बहुतेक मादी. म्हणजे ज्या मोठ्या माशाचा आपण फोटो काढून मिरवतो, तीच लाखो अंडी देणारी माय असते. गाभण गाय कोणी खाटकाला देत नाही, पण जिताड्याच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो.

हाच मासा ऑस्ट्रेलियात फार नावाजलेला आहे. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात साधारणपणे 58 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठा जिताडा पकडला तर परत सोडावा लागतो. लहान राखायचा कारण तो अजून व्यालेला नसतो, मोठा राखायचा कारण तो बियाणे आहे. शिवाय अंडी घालण्याच्या हंगामात बंदी असते. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारी बंदी आहे, पण ती समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी. उघाडीवर पाग टाकणाऱ्याला वा गळ टाकणाऱ्याला ती अडवत नाही. तेव्हा हा नियम गावानेच करायचा आहे.

आता काही म्हणतील, आमचे तळे आहे, खाडीचे आम्हाला काय ? तर बंधूंनो, तळ्यातला जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण तिथे अंडी घालत नाही. त्याला खारे पाणीच लागते. आपल्या वाडवडिलांच्या तळ्यात पिल्ले आली ती उधाणाच्या पाण्याबरोबर, खाडीतून. खाडीतली मादी संपली की तळेही रिकामे.

दुसरा मार्ग विकतच्या बीजाचा. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये बंदिस्त जागेत जिताड्याचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून उबवणी केंद्रातली बोटुकली मिळू शकते. ती आणणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, जिताडा आपल्याच भावंडांना गिळतो, अगदी स्वतःच्या निम्म्याहून मोठ्या पिल्लालाही. म्हणून सुरुवातीचे दोन महिने वेळोवेळी मापाप्रमाणे पिल्ले वेगळी करावीत. दुसरे, बोटुकली सोडण्याच्या महिना-दोन महिने आधी तळ्यात चिलापी सोडून ठेवावी, म्हणजे तिची पिल्ले जिताड्याला खाद्य होतात आणि खर्च वाचतो.

शेतीचा दर्जा मिळाला म्हणून उठून जेसीबी लावू नये. भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आत खाऱ्या वा निमखाऱ्या पाण्यात मत्स्यशेती करायची तर 2005 च्या कायद्याप्रमाणे किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. तिवरे तोडून तळे काढणे तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर सरळ अंगाशी येणारे आहे. आणि तिवर तोडले तर पिल्लांचा पाळणाच मोडला. बँकेत जाण्याआधी तळ्याची नोंद सातबाऱ्यावर आहे का, हे तलाठ्यांकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) पाहून घ्यावे. सवलतींचा तपशील जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना एक विनंती. मे महिन्याच्या ग्रामसभेत एवढाच ठराव घ्या : जून-जुलैत उघाडीच्या तोंडाशी जाळे लावायचे नाही आणि चार किलोच्या वरचा जिताडा पाण्यात परत सोडायचा. याला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही, साहेबाची सहीही लागत नाही. फक्त गावाचा शब्द लागतो. कागदावर मिळालेला शेतीचा दर्जा तळ्यात उतरवायचा असेल, तर शेतकऱ्याचा पहिला धडा आधी पाळावा लागेल. बियाणे खायचे नसते.