विलायतेची पदवी आणि चांद्याची सनद

वकिलाने फुकट सल्ला देऊ नये, असे माझे गुरू नेहमी सांगत. चंद्रपूरच्या कोर्टात उभा जन्म काढूनही मला ते शहाणपण आले नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीला, वाचकहो, फराळाच्या ताटाबरोबर एक कबुलीजबाबही तुमच्यापुढे ठेवतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांची धाकटी मुलगी बी. ए. झाली आणि कायदा शिकायला इंग्लंडला जाते म्हणाली. मास्तरांनी भविष्यनिर्वाह निधीचे आकडे मांडले, पत्नीच्या पाटल्यांकडे एकदा पाहून घेतले, आणि संध्याकाळी ते माझ्या ओसरीवर आले.

"वकीलसाहेब, तिकडे पदवीधराला दोन वर्षांतही एलएल. बी. होता येतं. पोरगी मात्र तीन वर्षांचाच अभ्यासक्रम हवा म्हणते. एका वर्षाचा खर्च वाचत असेल तर वाचवू नये का?"

मी बेधडक सांगून टाकले, "अहो मास्तर, विलायतेचा कागद तो! दोन वर्षांचा काय नि तीन वर्षांचा काय! आपले बॅरिस्टर खोब्रागडे लंडनहून आले, तेव्हा त्यांना कुणी वर्षं विचारली होती?"

बॅ. राजाभाऊ खोब्रागडे हे आमच्या चांद्याचे भूषण. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब आंबेडकर चंद्रपुरास आले. त्या सोहळ्यामागे राजाभाऊंचे मोठे श्रम होते. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ती गर्दी मी वडिलांचे बोट धरून पाहिली. पुढे राजाभाऊ राज्यसभेचे उपसभापतीही झाले. 'बॅरिस्टर' या शब्दाचा दरारा तेव्हापासून माझ्या मनात बसला तो बसलाच.

पण दरारा वेगळा आणि कायदा वेगळा. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टात बॅरिस्टरांना सरळ सनद मिळे हे खरे; मात्र त्या सवलतीला पुढे तारीख पडली. जे ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झाले त्यांनाच ती लागू. त्यानंतर विलायतेहून येणाऱ्याला बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम पाळणे भाग आहे. मी स्वतः वकील असूनही माझ्या डोक्यातले घड्याळ ७६ च्या आधीच बंद पडले होते!

मुलगी माझ्यापेक्षा हुशार. तिने २००८ चे नियम मिळवून वाचले आणि बापापुढे ठेवले. परदेशी विद्यापीठाची पदवी बार कौन्सिलने मान्य केलेली हवी. ती पदवीनंतर घेतली असेल तर किमान तीन वर्षांची, आणि बारावीनंतर लगेच घेतली असेल तर पाच वर्षांची एकत्रित हवी. "काका," ती मला हळूच म्हणाली, "दोन वर्षांची घेतली तर पैसे वाचतील, पण इथे येऊन एका वर्षाची तूट भरत बसावं लागेल." मी पानाचा डबा उघडून त्यात सुपारी शोधू लागलो. मास्तरांनी पाटल्या मोडल्या आणि मुलगी तीन वर्षांसाठी गेली.

यंदा ती परतली. आळीत पेढे वाटले. काळा कोट शिवायला टाकायचा, एवढ्यात मास्तर पुन्हा ओसरीवर आले, पण या वेळी चेहरा उतरलेला. तीन वर्षांची पदवी असली तरी आधी बार कौन्सिलची परीक्षा द्यायची. राज्यघटना, करार, कंपनी कायदा, दिवाणी आणि फौजदारी कामकाजाची पद्धत, वकिलीची नीती, असे त्यातले विषय. ती उतरल्यावर महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलकडे सनद. शिवाय २०११ पासून सुरू झालेली अखिल भारतीय परीक्षा आहेच. ती मात्र इथे शिकलेल्यांनाही चुकत नाही.

"तीन वर्षं परीक्षाच दिल्या ना तिने?" मास्तर म्हणाले. "आता पुन्हा परीक्षा? शेजारीपाजारी विचारतात, पोरगी तिकडे नापास झाली का म्हणून!"

त्यांचा संताप मला पटला. पाटल्या गेल्या त्या घराला तो येणारच. मीही बार कौन्सिलला चार शब्द सुनावले, अर्थात माझ्याच ओसरीवर.

मुलगी मात्र पुस्तके घेऊन रोज सकाळी माझ्याकडे येऊ लागली. मी ऐटीत फौजदारी कलमांचे आकडे घडाघडा म्हणून दाखवी. ती हसून म्हणे, "काका, १ जुलै २०२४ पासून ते सगळे बदलले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता." मग आम्ही दोघेही एकाच पुस्तकावर वाकून बसायचो. सत्तरी ओलांडल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो.

अशाच एका सकाळी माझे एक जुने अशील आले. हे धानोऱ्याकडचे, म्हणजे आताच्या गडचिरोली जिल्ह्यातले. १९८२ पर्यंत तो मुलूख आमच्याच जिल्ह्यात होता. गृहस्थ गोंड. मराठी तोडकीमोडकी, पण कामापुरती. वनहक्काच्या २००६ च्या कायद्याखाली केलेल्या दाव्याचे गाठोडे त्यांनी सोडले. मी मुलीला म्हटले, "बघ बरं तू."

तिने कागद चाळले. "जमीन कसता त्याचा जुना पुरावा? पावती, सातबारा?"

"कागद नाही, बाई. आमची बोडी आहे, धुरे आहेत. गावात म्हातारे आहेत."

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी तिला सांगितले, की या कायद्याच्या नियमांत गावच्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब हाही पुरावा आहे. मात्र तो दावा करणाऱ्याखेरीज दुसऱ्याचा हवा. जमिनीवरची बोडी, धुरे, विहीर, दफनभूमी याही खुणा चालतात. फक्त एका पुराव्यावर भागत नाही, दुसऱ्याची जोड लागते. दावा आधी ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीपुढे, शेवटी जिल्हा समितीपुढे जातो. त्यांच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो याच कायद्याने.

अशील गेल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, आज माझ्याजवळ सनद असती आणि तुम्ही नसता, तर 'कागद नाही, दावा नाही' असं सांगून मी त्यांना परत पाठवलं असतं."

वाचकहो, बार कौन्सिलला सुनावलेले चारही शब्द मी तिथेच मागे घेतले. पदवी ही शिकणाऱ्याची कमाई. तिच्यावर हक्क त्याचा. सनद म्हणजे दुसऱ्याची जमीन, घर, अब्रू आपल्या हाती घेण्याची परवानगी. ती देणाऱ्याने "इथला कायदा येतो का?" असे विचारले, तर त्यात पदवीचा अपमान कसला?

माझी तक्रार उरली ती निराळीच. ही परीक्षा कंपनी कायदा विचारते. बोडी आणि धुरे विचारत नाही. गोंडी तर नाहीच नाही. मुलीने त्यावरही तोड काढली आहे. दर रविवारी ती एका गोंड शिक्षिकेकडे गोंडी शिकायला जाते. या विषयाला गुण नाहीत, हे तिला ठाऊक आहे.

ज्यांची मुले परदेशी कायदा शिकायला निघाली असतील, त्या आईबापांना एवढेच सांगणे, की पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बार कौन्सिलकडूनच विचारून घ्या: विद्यापीठ मान्य आहे का, वर्षे पुरतात का, आणि परतल्यावर परीक्षा कोणत्या. नियम बदलत असतात. दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, आणि शेजारच्या म्हाताऱ्या वकिलाच्या तर मुळीच नको.

परीक्षा अजून व्हायची आहे. काल मास्तर चकल्या घेऊन आले आणि दुसऱ्याच एका नातेवाइकाच्या मुलासाठी सल्ला विचारू लागले. मी तोंड उघडणार, तोच आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, थांबा! आधी पोरीला विचारा, मग बोला."

मी चकली तोंडात घातली आणि गप्प बसलो.