अनुभवी प्राध्यापक हवेत, पण अनुभव कोणाचा?

वाढवण बंदराची चर्चा आजवर समुद्र, मासेमारी आणि जमीन या तीन प्रश्नांभोवती होत आली, आणि ते योग्यच आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमार, डायमेकर, बागायतदार आणि आदिवासी कुटुंबांचा विरोध मात्र संपलेला नाही. पण याच बंदराबरोबर बारा लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांचे जे आश्वासन दिले गेले, त्याचा एक धागा थेट महाविद्यालयातल्या संगणकाच्या वर्गात जातो. त्याकडे आपल्या समाजाचे फारसे लक्ष नाही. बंदराला विरोध करणे आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मागणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

बंदरात आता माथाडी किती, प्रोग्रामर किती?

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओझी वाहणारे कामगार येतात. आजचे कंटेनर टर्मिनल तसे चालत नाही. वाढवणला प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स प्रस्तावित आहेत. कोणता कंटेनर कोणत्या रांगेत ठेवायचा, कोणता ट्रक कधी आत घ्यायचा, जहाजावर वजनाचा तोल कसा राखायचा, हे सगळे सॉफ्टवेअर ठरवते. गेटवर कॅमेरा कंटेनरचा नंबर वाचतो. केरळमधल्या विझिंजम बंदरात यार्डातल्या क्रेन नियंत्रण कक्षात बसून चालवल्या जातात आणि त्या चालवणाऱ्यांत आसपासच्या मच्छीमार वस्त्यांतल्या महिलाही आहेत. म्हणजे स्थानिकांना हे काम जमत नाही, असे कोणी म्हणू नये. शिकवणारा मिळाला की जमते.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातले. जून २०१७ मध्ये ‘नोटपेट्या’ नावाच्या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली. त्याचा फटका न्हावाशेव्याच्या जेएनपीटीमधल्या त्यांच्या टर्मिनललाही बसला. संगणक बंद पडल्याने कंटेनरची हाताळणी थांबली. पुढे कंपनीची यंत्रणा पुन्हा उभी राहिली ती घानामधल्या कार्यालयातल्या एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली असल्याने तो बंद होता, म्हणूनच वाचला.

हा प्रसंग पाठ्यपुस्तकात ‘मालवेअरची व्याख्या लिहा, गुण ५’ एवढाच उरतो. ज्याने अशी यंत्रणा सांभाळली आहे, तो प्राध्यापक मात्र हाच प्रसंग घेऊन बॅकअप कुठे ठेवावा, नेटवर्कचे भाग वेगळे का ठेवावेत, संगणक बंद पडल्यावर काम कागदावर कसे चालवावे, हे तासाभरात समजावून देईल. म्हणून उद्योगातला अनुभव असलेले प्राध्यापक हवेत, या मागणीला आमचा पाठिंबा आहे. वाद पुढे सुरू होतो.

नियम काय म्हणतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदाच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पदावरचा अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी. किंवा शोधनिबंधांची अट न लावता नेमता येते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत करता येतात. मुदत सुरुवातीला एक वर्ष, सर्वसाधारणपणे तीन वर्षे आणि अपवादाने चौथे वर्ष. पगार उद्योग देईल, संस्था स्वतःच्या निधीतून देईल किंवा ती व्यक्ती मानद काम करेल. या नेमणुकांमुळे मंजूर पदांना आणि नियमित भरतीला धक्का लागणार नाही, असेही सूचनांत म्हटले आहे.

कागदावर वाचायला हे बरे वाटते. पण या वाटेवर आरक्षणाची तरतूद नाही आणि कुलगुरूंना थेट मान्यवरांची नावे मागवता येतात. आता हिशेब करू. आज पंधरा वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती म्हणजे २०१० च्या आसपास नोकरीला लागलेली. तेव्हा पालघर जिल्हाही झालेला नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्या काळात तलासरीच्या पाड्यावरून किंवा बोईसरच्या वस्तीतून किती मुले इंजिनिअर होऊन सॉफ्टवेअर कंपनीत पोहोचली? खासगी कंपन्यांत आरक्षण तेव्हाही नव्हते, आजही नाही. जिथे दार अरुंद होते तिथला ‘अनुभव’ हीच पात्रता ठरवली, तर जुनी विषमता नव्या नावाने वर्गात येऊन बसते. मानद नेमणुकीचे तर आणखी सोपे आहे. ज्याचे घर आधीच भरलेले आहे, त्यालाच फुकट शिकवणे परवडते.

हा आमचा संशय नव्हे, शासनाने एकदा मान्य केलेली गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने थेट भरतीने ४५ वरिष्ठ पदे भरण्याची जाहिरात काढली. त्यात आरक्षण नाही म्हणून देशभर आवाज उठला आणि तीन दिवसांत ती जाहिरात सामाजिक न्यायाचे कारण देऊन मागे घेण्यात आली. सचिवालयात जे चालत नाही, ते विद्यापीठात का चालावे?

गुणवत्ता आणि व्यवसाय यांचे वैर नाही

आरक्षणाचे नाव काढले की ‘मग गुणवत्तेचे काय’ हा प्रश्न येतोच. त्याला आपल्या इतिहासात उत्तर आहे. बाबासाहेबांनी १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले. परदेशात शिकून आलेला हा प्राध्यापक सामायिक माठातले पाणी पितो, यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत असतानाच त्यांनी शासकीय विधी महाविद्यालयात शिकवले आणि १९३५ मध्ये ते तिथले प्राचार्य झाले. आजच्या भाषेत ते ‘प्रॅक्टिस’मधले प्राध्यापक होते, आणि पदव्यांतही कोणाला मागे नव्हते. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले गेले. काम आणि शिक्षण जोडायचे असेल तर वेळापत्रक कष्टकऱ्याच्या सोयीचे हवे, हा धडा तिथे आहे.

जर्मनीत उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्थांमध्ये प्राध्यापक होण्यासाठी साधारणपणे डॉक्टरेट आणि पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. त्यातली किमान तीन वर्षे विद्यापीठाबाहेरची असावी लागतात. तिथे अनुभव ही नियमित पदाची अट आहे. आपल्याकडे अनुभवी माणूस पाहुणा आणि नियमित शिक्षक अनुभवाविना, अशी फाळणी करून ठेवली आहे. महाराष्ट्रात अच्युत गोडबोले यांच्यासारखी माणसे आहेत. तरुणपणी शहाद्याच्या आदिवासी चळवळीत काम, नंतर मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची धुरा, मग ऑपरेटिंग सिस्टिम्सवर पाठ्यपुस्तक आणि मराठीतून विपुल लेखन. पण व्यवस्था अशा एखाद्या माणसाच्या भरवशावर उभी राहत नाही.

डहाणू-तलासरीतले वास्तव

आमच्या भागात संगणकाचे बहुतेक अभ्यासक्रम विनाअनुदानित आहेत. शिकवणारे तासिका तत्त्वावर. सत्र संपले की त्यांचे मानधन थांबते, म्हणून चांगला शिक्षक संधी मिळताच वसई-विरार किंवा मुंबई गाठतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही पाड्यांवर काम करताना पाहतो की घरातली पहिली पदवीधर होऊ पाहणारी मुलगी डेटाबेसची व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणते, पण गावातल्या रेशन दुकानाची नोंदवही डेटाबेसमध्ये कशी बसवायची ते तिला कोणी दाखवलेले नसते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. ते तलासरीच्या मुलीने कुठे करायचे? २०११ च्या जनगणनेनुसार या तालुक्यात दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत, आणि संगणक कंपनी जवळपास एकही नाही.

अनुभव इथे नाही असेही नाही. वाढवण-वरोर-चिंचणी पट्ट्यातला डायमेकर दागिन्यांचे साचे हाताने कोरतो. हा धंदा आता कॅड आणि सीएनसीकडे सरकतो आहे, आणि मिलिमीटरच्या अंशाची समज त्या कारागिराइतकी पुस्तकी शिक्षकाला नसते. तारापूर एमआयडीसीत यंत्रे चालवणारे तंत्रज्ञ आहेत, नेटवर्क ओढणारी, सर्व्हर सांभाळणारी मुले आहेत. पंधरा वर्षे आणि वरिष्ठ पद या चाळणीतून यातले कोणीच खाली पडणार नाही.

मागायचे काय?

पहिले, प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसच्या प्रत्येक पदाची जाहीर जाहिरात निघावी आणि विद्यापीठातली सर्व अशी पदे एकत्र धरून बिंदुनामावली लागू व्हावी. दुसरे, रिक्त नियमित पदे आधी भरावीत. तीन वर्षांचा पाहुणा कायम शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. तिसरे, बंदर उभारणाऱ्या कंपनीने डहाणू, तलासरी आणि लगतच्या तालुक्यांतल्या महाविद्यालयांत संगणक शिक्षकांच्या पदांचा खर्च उचलावा, पण निवड कंपनीने करू नये. चौथे, आज तासिकांवर राबणाऱ्या शिक्षकांना न्हावाशेव्यासारख्या चालू बंदरात सहा महिने पगारी प्रशिक्षण मिळावे. बाहेरचा अनुभवी माणूस आणण्याइतकेच इथल्या माणसाला अनुभव देणे महत्त्वाचे आहे. पाचवे, ग्रामीण आणि आदिवासी भागासाठी पंधरा वर्षांची अट पाच वर्षांवर आणावी आणि कारागीर-तंत्रज्ञांना कार्यशाळेत मानधनावर शिकवू द्यावे.

एक मागणी मात्र शासनाकडे नाही, आपल्याकडे आहे. आपल्या समाजातली बरीच मुले-मुली आज पुणे, मुंबई, बंगळुरूच्या कंपन्यांत आहेत. आरक्षणाने त्यांना महाविद्यालयाचे दार उघडून दिले, पुढचे त्यांनी स्वतः मिळवले. चर्चगेटहून डहाणू रोडला २०१३ पासून लोकल येते. महिन्यातून दोन शनिवार काढले, तर एका वर्गाला सत्रभर प्रकल्प शिकवता येतो, तोही मराठीतून. यासाठी आयोगाच्या परवानगीची गरज नाही, एका प्राचार्याच्या होकाराची आहे. तो होकार मिळवायला आम्ही सोबत येऊ. बंदराचे दिवे लागतील तेव्हा आपली मुले गेटवरचे पहारेकरी असतील की नियंत्रण कक्षात बसतील, हे आज त्यांच्या वर्गात कोण उभे आहे यावर ठरणार आहे.