वरातीची घोडी गाभण असेल तर?

तुळशीचे लग्न आटोपले की मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत लग्नसराई सुरू होते. मग मंगल कार्यालय, बॅंड, केटरर आणि नवरदेवासाठी घोडी अशी ठरवाठरवी चालते. घोडीबद्दल प्रश्न ठरलेले असतात: पांढरीशुभ्र आहे का आणि बॅंडवर नाचते का? ती गाभण आहे का, हे विचारणारा वरपिता विरळाच.

विचारायला हवे ते हेच. घोडीचा गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. दिवस मोठा होऊ लागला की ती माजावर येते, म्हणून चैत्र-वैशाखात फळलेली घोडी पुढच्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास विते. पोटातल्या शिंगराची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. नेमके तेच महिने वरातींचे! पाठीवर नवरदेव, कानाशी डीजे, पायाखाली डांबर, आणि वरून मागच्या दोन पायांवर उभे राहण्याची फर्माईश. या तीन महिन्यांत गाभण घोडीला वरातीला जुंपणे बंद झाले पाहिजे. घोडीवाल्याचे पोट सराईवर चालते, हे खरे. पण शिंगरू गेले, किंवा घोडीच दगावली, तर त्याची पुढची सराईही बुडते.

दुसरी अडचण दवाखान्याची. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातले घोडे सव्वासहा लाखांवरून ३ लाख ४० हजारांवर आले. गायी-म्हशींच्या गर्दीत डॉक्टरांना घोडी तपासायला मिळते क्वचित, आणि गोठ्यातले ठोकताळे इथे लागू पडत नाहीत. गाय तासन्‌तास कळा देत राहते. घोडीची पाणमोट फुटली की अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवे. गायीच्या वारेची अर्धा दिवस वाट पाहिली तरी चालते. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर गर्भाशयात विष पसरते, खुरांना सूज येते, जीवही जातो. पांढरट पडद्याऐवजी आधी लाल मखमली पिशवी दिसली, तर ती तिथल्या तिथे फाडावी लागते. डॉक्टर येईपर्यंत थांबले तर शिंगरू गुदमरते. शिवाय बहुतेक घोड्या वितात रात्रीच.

शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आचळाला लागावे. घोडीची प्रतिकारशक्ती वारेतून शिंगरापर्यंत पोचत नाही, ती मिळते चिकातून. आणि शिंगराचे आतडे ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेते. त्यामुळे पहिला चीक काढून फेकणे म्हणजे शिंगराला निःशस्त्र सोडणे.

धनुर्वाताचे तर नवलच आहे. त्याचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत मुबलक असतात, शिंगराच्या ओल्या नाळेतून शिरतात, आणि या रोगाला घोड्याइतका हळवा प्राणी दुसरा क्वचितच असेल. माणसासाठी धनुर्वाताचे प्रतिविष मात्र कित्येक दशके घोड्याच्याच रक्तातून तयार झाले. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे त्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात. त्यातूनच १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. वरातीच्या घोडीला धनुर्वाताची लस आधी दिलेली असली आणि विण्याआधी चार-सहा आठवडे ती पुन्हा टोचली, तर तिच्या चिकातून शिंगरालाही संरक्षण मिळते. नाळ मात्र ओढून तोडू नये. आपोआप तुटू द्यावी आणि लगेच जंतुनाशकात बुडवावी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात तालुके हेच दोन. एवढ्याशा जिल्ह्यात गाभण घोड्यांची नोंद ठेवणे पशुपालन विभागाला जड नाही. १९६२ या हेल्पलाइन क्रमांकावर फोन केल्यावर येणाऱ्या पशुवैद्यकांना घोडीच्या बाळंतपणाचे प्रशिक्षणही द्यावे. राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ दूर जबलपूरला. सीमेपलीकडे नागपुरात मात्र १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इथली माणसे उपचारासाठी नागपूर गाठतात, तर डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी दोन राज्यांनी करार करायला हरकत कसली?