सनद हाती आली, पुढची तीन वर्षे?

मानोऱ्याकडचे एक बांधकाम मजूर गेल्या महिन्यात मुलीला घेऊन आमच्या घरी आले. मुलगी अमरावतीहून एलएल.बी. झालेली. जयभीम घालून बसले आणि चहा येण्याआधीच विचारले, "भाऊ, पोरगी वकील झाली. आता पगार कधीपासून?" मुलगी खाली मान घालून बसली. वकिलाला पगार नसतो, हे तिने घरी सांगितलेच नव्हते.

आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. पण कोर्टकचेरीत समाजबांधवांबरोबर फिरून जे कळले ते इथे मांडतो.

सनदेच्या फीची धास्ती आता सोडा. 30 जुलै 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून नोंदणीचे 125 रुपयेच घेता येतात. मुद्रांक शुल्क लागल्यास वेगळे. पूर्वी याच कामासाठी घरोघरी कर्ज काढावे लागे. खुद्द बाबासाहेबांकडे 1923 मध्ये सनदेपुरते पैसे नव्हते, ते मित्र नवल भथेना यांनी दिले.

खरी अडचण सनदेनंतरची. आपल्या मुलांचा ओढा न्यायाधीशाच्या परीक्षेकडे असतो. 20 मे 2025 रोजी अमरावतीचेच सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. तात्पुरत्या नोंदणीपासून ही वर्षे मोजली जातात आणि दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो, त्यावर जिल्ह्याच्या प्रधान न्यायाधीशांची मान्यता हवी. म्हणून वकीलपत्रावर सीनियरसोबत आपलेही नाव येऊ द्या. नुसत्या बॅगा उचलून दाखला मिळत नाही. (लोकसेवा आयोगाची जाहिरात मात्र दरवेळी स्वतः वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.)

एक चूक आमच्या डोळ्यादेखत झाली. एका हुशार मुलाने सनद घेतली आणि घरखर्चासाठी पूर्णवेळ नोकरीही धरली. पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. त्याची दोन वर्षे हिशेबात धरली गेली नाहीत. दिवसातून तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला मात्र वकिलाला परवानगी आहे. बाबासाहेबांनीही वकिलीच्या सुरुवातीला बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवले.

ज्युनियरला ग्रामीण भागात महिना 15,000 रुपये द्यावेत, अशी बार कौन्सिल ऑफ इंडियाची ऑक्टोबर 2024 ची शिफारस आहे. ती शिफारसच आहे, सक्ती नव्हे. त्या भरवशावर उधारी करू नका.

तरीही आम्ही म्हणतो, वाशिमचे जिल्हा कोर्ट सोडून लगेच मुंबई-पुण्याला धावू नका. खोलीभाड्यातच माणूस संपतो. इथे घरची भाकर आहे, आणि वाटणी, फेरफार, पोटगी, ॲट्रॉसिटी अशी कामे आपल्याच माणसांची आहेत. तीन वर्षांनंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठीही अर्ज करता येतो. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला तिथून मोफत वकील मिळतो. तो वकील आपली मुलगी का नसावी?

सारे ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीन वर्षं म्हणजे रोजचं वाशिमचं भाडं..."

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. "बाबा, एसटीत आम्हाला अर्धंच तिकीट लागते."